‘कोलॅटरल डॅमेज’ लिहिताय? या चुका टाळा

ओळखीच्या एका तरुण टीम लीडरने मध्यंतरी मला मेलचा मसुदा तपासायला दिला. त्याने एक प्रकल्प बंद केला होता, त्यात दोन सहकाऱ्यांची बढती अडकली आणि त्याला त्यांची माफी मागायची होती. मसुद्यात वाक्य होतं: ‘सॉरी, यू वेअर अ कोलॅटरल डॅमेज.’ व्याकरण चुकलं होतंच, पण खरी चूक त्याहून मोठी होती. मुलगा मनाने चांगला आहे, म्हणून ते वाक्य जास्तच टोचलं.

हा शब्दप्रयोग लष्कराचा. शीतयुद्धात अणुयुद्धाचे आडाखे मांडणाऱ्या अभ्यासकांच्या लिखाणात तो 1960च्या दशकात दिसू लागतो आणि 1991च्या आखाती युद्धाच्या बातम्यांमधून घरोघरी पोहोचतो. अर्थ असा: निशाणा एकावर होता, पण त्या माऱ्यात जवळची, निशाणा नसलेली माणसं किंवा वास्तूही सापडल्या. आता तो घटस्फोटात भरडल्या गेलेल्या मुलांबद्दल, नोकरकपातीबद्दल, राजकारणाबद्दल सर्रास वापरतात. आपणही वापरतो आणि नेमके काही ठिकाणी घसरतो.

‘मला कल्पना नव्हती’ या अर्थाने वापरणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. ‘हेतू नव्हता’ आणि ‘माहीत नव्हतं’ यात फरक आहे. हा शब्द पहिली गोष्ट सांगतो, दुसरी नाही. अमेरिकी सैन्यात हल्ल्याआधीच अशा नुकसानीचा अंदाज बांधण्याची ठरलेली पद्धत आहे. आसपास शाळा आहे का, वस्ती किती दाट आहे, दिवसा मारा करायचा की रात्री, कुठला बॉम्ब वापरायचा, हे सगळं त्यात पाहिलं जातं. जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलमध्ये हा शब्दप्रयोग नाही, पण हिशोब तोच आहे. अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होईल असं दिसत असेल, तर तो हल्ला निषिद्ध ठरतो. म्हणजे हानी आधी मोजलेली असू शकते.

म्हणून माफीच्या मेलमध्ये हा शब्द आला की वाचणाऱ्याला ऐकू येतं ते असं: तुमचं नुकसान होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. खरंच कल्पना नसेल तर तसं साध्या शब्दांत लिहा. कल्पना असेल तर तेही लिहा. त्या मुलाला मी विचारलं, ‘तुला आधी ठाऊक होतं का?’ तो म्हणाला, ‘होतं.’ मग आम्ही वाक्य बदललं: प्रकल्प बंद करायचा निर्णय माझा होता, तुमच्या बढतीवर परिणाम होईल हे मला दिसत होतं, आणि तरी मी तुमच्याशी आधी बोललो नाही.

ज्याला लागलं त्यालाच हा शब्द ऐकवणं

हा बंदूक धरणाऱ्याचा शब्द आहे. त्यात कर्ता नाही, माणूसही नाही. इंग्रजीत ‘डॅमेज’ एरवी भिंतीचं होतं, गाडीचं होतं, पिकाचं होतं. ज्याचं नुकसान झालं त्याने स्वतःबद्दल ‘आय वॉज कोलॅटरल डॅमेज’ म्हटलं तर त्यात त्याची कडवट तक्रार असते आणि ती त्याला शोभते. तेच तुम्ही त्याला म्हणालात की जखमेवर मीठ.

याचं सर्वांत भयानक उदाहरण अमेरिकेतलंच आहे. 19 एप्रिल 1995 रोजी ओक्लाहोमा सिटीतल्या सरकारी इमारतीबाहेर टिमथी मॅकव्हे याने स्फोट घडवला. त्यात 168 जण मारले गेले आणि त्यात 19 लहान मुलं होती. मॅकव्हे आखाती युद्धात लढलेला सैनिक होता. पुढे त्या मुलांबद्दल बोलताना त्याने हाच शब्द वापरला: कोलॅटरल डॅमेज. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून हा शब्द मला हलक्या हाताने लिहिता आलेला नाही. जर्मनीतही 1999 मध्ये, नेटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली त्या वर्षी, भाषातज्ज्ञांच्या मंडळाने याच शब्दाचा जर्मन अवतार वर्षाचा ‘नकोसा शब्द’ म्हणून निवडला होता.

‘अ’ किंवा ‘एस’ लावणं

या अर्थाने ‘डॅमेज’ मोजता येत नाही. म्हणून ‘अ कोलॅटरल डॅमेज’ चूक आणि ‘मेनी कोलॅटरल डॅमेजेस’ही चूक. दहा माणसं असली तरी ‘दे वेअर कोलॅटरल डॅमेज’. ‘डॅमेजेस’ हा कोर्टातला शब्द आहे आणि त्याचा अर्थ नुकसानभरपाई. दुकानदाराला ‘डॅमेजेस’बद्दल मेल केलात तर तो वकील शोधायला लागेल.

निशाणाच नसताना वापरणं

लहान मुलाच्या हातून चहा सांडला, तर तो साधा अपघात. आधी कशावर तरी नेम धरलेला हवा, आणि ज्याचं नुकसान झालं ते वेगळं हवं. कंपनीने खर्च वाचवण्यासाठी एक विभागच बंद केला, तर त्या विभागातली माणसं कोलॅटरल डॅमेज नव्हेत. नेम त्यांच्यावरच होता. त्या विभागाच्या जेवणावर ज्याची खानावळ चालायची, त्याच्याबाबतीत शब्द बसतो. स्वतःच्याच बाजूच्या माणसांवर चुकून गोळीबार झाला तर त्याला ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात, तिथेही हा शब्द नको.

औषधांच्या बाबतीत जरा थांबून विचार करा. गोळीने झोप येते, तो नुसता दुष्परिणाम. पण अँटिबायोटिक रोगजंतूंवर सोडलं आणि त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारले, तर डॉक्टरही आपल्या लेखांत याला कोलॅटरल डॅमेज म्हणतात, आणि ते चपखल आहे.

नुसतं ‘कोलॅटरल’ लिहून सोडणं

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बाजूबाजूने’ असा. बँकेत कोलॅटरल म्हणजे तारण. मार्केटिंगमध्ये माहितीपत्रकं वगैरे साहित्य. हृदयविकारात बाजूने वाट काढणाऱ्या पर्यायी रक्तवाहिन्या. त्यामुळे ऑफिसच्या मेलमध्ये दोन्ही शब्द लिहा. स्पेलिंगमध्ये एल आधी दोन आणि शेवटी एक. उच्चारात जोर ‘लॅ’वर.

मराठीत आणताना ‘संपार्श्विक नुकसान’

यंत्राने केलेल्या भाषांतरातून हा शब्द आता लेखांत शिरतोय. कृपा करून काढून टाका, वाचकाला काहीही कळत नाही. औपचारिक मजकुरात ‘आनुषंगिक हानी’ चालेल. बोलण्यात आपल्याकडे ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’ आहेच, आणि त्यात निदान जळणं तरी दिसतं. युद्धातली माणसं झाकणारी भाषा आपल्यालाही नवी नाही. पानिपताची म्हणून सांगितली जाणारी ती बातमी आठवा: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. सैन्यासोबत निघालेले यात्रेकरू आणि बायामुलं त्या खुर्द्यातच गेली. बातमी लिहीत असाल तर या सगळ्यापेक्षा सरळ लिहा: हल्ला शस्त्रसाठ्यावर होता, शेजारच्या चार घरांतली माणसं मेली.