पोरांना घेऊन तंबूत राहायचंय? आधी गच्चीवर एक रात्र काढा

पोरांना घेऊन पहिल्यांदाच तंबूत राहायला निघाला असाल तर दाजीपूर, आंबा, विशाळगड ही नावं सध्या बाजूला ठेवा. पहिली खेप घरापासून तासाभराच्या आत हवी. आपल्या कोल्हापूरकरांना मी पन्हाळ्याच्या पायथ्याचं ओळखीतल्या कुणाचं तरी शेत सुचवते. वीसेक किलोमीटर अंतर, जवळ विहीर आणि हाकेवर माणसांचं घर. रात्री पोरगं तापलं तर गाडी काढून लगेच शहरात येता येतं. राधानगरी अभयारण्यात गव्यांचा वावर आहे, तिथं आपल्या मनानं तंबू ठोकायचाच नाही. वनखात्याला विचारूनच काय ते ठरवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पण त्याआधी घराच्या गच्चीवर तंबू लावून सगळ्यांनी एक रात्र झोपा. माझा हा आग्रहच आहे. आमच्या धाकटीला तंबूची चेन लावली की गुदमरल्यासारखं व्हायचं. वरची जाळी उघडी ठेवली, तिचं डोकं दाराकडं केलं, तशी ती निवांत झोपली. हे रानात अंधारात शोधत बसण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. लघवीला कोण उठतं, बॅटरी कुठं ठेवायची, हेही तिथंच ठरतं.

अंथरुणाकडं नीट लक्ष द्या. पांघरुणं सगळेच नेतात, पण थंडी खालून, जमिनीतून येते. तंबूखाली ताडपत्री, आत सतरंजी आणि तिच्यावर धनगरी घोंगडं. ताडपत्रीची कड तंबूबाहेर राहू देऊ नका, दुमडून आत घ्या. नाहीतर तिच्यावर पडलेलं दंव घरंगळत तंबूखाली जातं आणि पहाटे पोरांची अंथरुणं गार लागतात.

जागा उजेडीच बघून घ्या. ओढ्याचं पात्र नको, वाळक्या फांदीखाली नको. झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर तिथून लांब जा. जवळपास धूरही करू नका.

सापाबद्दल पोरांना घाबरवू नका, सवयी लावा. तंबूची चेन कायम बंद, जमिनीवर उघड्यावर झोपायचं नाही, बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश कधीकधी दुखतही नाही, म्हणून अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा नाहीतर थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा.

प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी हवी. चुकलं तर चालत सुटायचं नाही, जवळच्या झाडापाशी थांबून तीनदा वाजवायची. हे घरी खेळासारखं दोन-तीनदा करून घ्या.

पहिल्या रात्री स्वयंपाकाचा घाट घालू नका. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी घरून न्या. कांदा-लसूण चटणी मोठ्यांच्या डब्यातच बरी, पोरांचं पोट रात्री बिघडायला नको. सकाळी स्टोव्हवर पोहे आणि शेतावरचं म्हशीचं दूध, उकळूनच. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर धरा. जुलाब झालेच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा. चमचा चहाचा.

पोरांना खरी कामं द्या. थोरला खुंट्या ठोकेल, धाकटी त्या हातात देईल. निघताना दोघांनी मिळून खुंट्या मोजून पिशवीत टाकायच्या. एखादी कमी भरली तर सापडेपर्यंत गाडीत बसायचं नाही, कारण मातीत राहिलेली खुंटी उद्या त्या शेतकऱ्याच्या बैलाच्या खुरात शिरते.