गोव्यात कुशल माणूस मिळत नाही? परदेशात बसून काम करणारा तज्ज्ञ असा नेमा

वेर्णा, कुंडई, पर्वरी, कुठेही जा. कारखानदाराशी किंवा सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्याशी बोलायला लागलात की पाच मिनिटांत विषय माणसांवर येतो. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मुलं बाहेर पडतात आणि पुणे-बेंगळुरू गाठतात. कुणी आखातात जातं, कुणी बोटीवर, कुणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात. इथली जागा मात्र महिनोन्महिने रिकामी राहते. परदेशात स्वतःच्या घरी बसून काम करणारा तज्ज्ञ नेमणं आता दहा-वीस माणसांच्या कंपनीलाही जमू शकतं. पण त्या तज्ज्ञाच्या हाताखाली गोव्यातलं कुणीतरी शिकत असेल, तरच हा मार्ग धरावा असं माझं ठाम मत आहे. नाहीतर तो गेला की तुटवडा जसाच्या तसा परत उभा राहतो.

आधी तुटवडा कशाचा, ते शोधा

‘माणूस मिळत नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘आपण देतो त्या पगारात मिळत नाही’ असा असतो. तेव्हा आधी पगार तपासा. मग बाहेर गेलेल्या गोंयकारांना विचारा. डिचोली-पेडण्याची कितीतरी मुलं घरून काम करायला मिळालं तर थोड्या कमी पगारातही परत यायला तयार असतात. तिथंच प्रश्न सुटला तर पुढच्या खटाटोपाची गरज नाही.

तरीही जागा भरत नसेल तर त्या पदाचे तुकडे पाडा. समजा, वेर्ण्यातल्या एका औषध कंपनीला ब्राझीलमध्ये माल विकायचा आहे. ब्राझीलची औषध नियामक संस्था म्हणजे अन्व्हिसा. तिथं विकायच्या औषधाचं माहितीपत्रक आणि वेष्टनावरचा मजकूर पोर्तुगीजमध्ये लागतो. कागदपत्रं गोळा करणं, चाचण्यांचे अहवाल लावणं ही कामं इथली बी.फार्म. झालेली मुलगी करू शकते. अन्व्हिसाचे नियम कोळून प्यायलेला माणूस मात्र इथं सहजी सापडणार नाही. बाहेरून आणायचं ते एवढंच, तेही कदाचित दिवसाचे तीन तास. शिवाय पणजीत पोर्तुगीजचे वर्ग चालतात, गोवा विद्यापीठात ती भाषा शिकवली जाते. म्हणजे त्या तज्ज्ञाकडून काम शिकून घेईल असा उमेदवार आपल्याकडे तयार होऊ शकतो. एवढी सोय फार थोड्या राज्यांना आहे.

देश निवडताना घड्याळ बघा

स्वस्त कोण, हा प्रश्न नंतरचा. दिवसातले निदान तीन तास दोघांची कामाची वेळ जुळली पाहिजे. मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, नैरोबी अडीच तास मागे. दोन्हीकडे अर्ध्याहून जास्त दिवस जुळतो. लिस्बनला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा गोव्यात हिवाळ्यात दुपारचे अडीच आणि उन्हाळ्यात दीड वाजलेले असतात, तेव्हा दुपारनंतरच्या बैठका जमतात. ब्राझिलियात नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. तिथला माणूस घेतलात तर इथल्या एकाची पाळी दुपारी सुरू करावी लागेल, आणि हे त्या इथल्या माणसाला तज्ज्ञ नेमण्यापूर्वी विचारा.

एक सावधगिरी खास गोव्यासाठी. हरमल-मोरजीत लॅपटॉप घेऊन बसलेले परदेशी खूप दिसतात. ‘हा इथंच आहे, यालाच घेऊ’ असा मोह होतो. पर्यटक व्हिसावर भारतात नोकरी करता येत नाही. तुमचा तज्ज्ञ त्याच्या देशातूनच काम करणारा असावा. पुढे प्रशिक्षणासाठी त्याला गोव्यात बोलवायचं झालं, तर कामानुसार बिझनेस किंवा एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो.

पारख करताना

लांबलचक मुलाखतींपेक्षा तुमच्या खऱ्या कामाचा एक छोटा तुकडा द्या आणि त्याचे पैसे द्या. त्यासोबत एक मागणी ठेवा: केलेलं काम तुमच्या इथल्या माणसाला अर्ध्या तासात समजावून सांगायचं. ज्याला हे जमत नाही तो कितीही हुशार असला तरी आपल्या कामाचा नाही.

नोकर की कंत्राटदार?

तीन वाटा आहेत. त्या देशात स्वतःची कंपनी काढणं छोट्यांना परवडत नाही, ते सोडून द्या. दुसरी वाट ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ची: तिथली एक कंपनी त्या माणसाला कागदोपत्री आपल्या नोकरीत घेते, पगार आणि विमा तिथल्या कायद्याप्रमाणे भरते, आणि तुम्हाला शुल्कासह बिल लावते. तिसरी वाट स्वतंत्र कंत्राटदाराची, आणि बहुतेक जण हीच धरतात.

या तिसऱ्या वाटेत एक खड्डा आहे. कागदावर कंत्राटदार, पण वेळ तुम्ही ठरवता, रजा तुम्ही मंजूर करता, दुसरं काम घेऊ देत नाही, असं असेल तर त्या देशाचा कामगार कायदा त्याला नोकर ठरवू शकतो. मग मागचे हक्क मागितले जातात. फिलिपिन्स आणि ब्राझीलमध्ये नोकराला तेरावा पगार देणं कायद्यानं बंधनकारक आहे. पोर्तुगालमध्ये सुट्टीचा आणि नाताळचा असे दोन जादा पगार असतात. रोजचे आठ तास, वर्षानुवर्षं माणूस हवा असेल तर सरळ एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डकडे जा. ठरावीक तास, ठरावीक काम असेल तर कंत्राट चालेल.

करारात या ओळी हव्यातच

इथं घाई करू नका. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची मालकी, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाकडे जाते. कंत्राटदाराच्या बाबतीत हे आपोआप होतं असं धरून चालू नका. त्याच्याकडून हक्क लेखी लिहून घ्या. त्याच कायद्याचं कलम १९ सांगतं, की हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतर भारतापुरतं धरलं जातं. निर्यात करणाऱ्याला भारतापुरता हक्क काय कामाचा? शिवाय मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो संपतो. म्हणून ‘जगभरासाठी, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, वापर केला वा न केला तरी’ अशी स्पष्ट ओळ वकिलाकडून घालून घ्या.

सोबत गुप्तता, नोटिशीचा कालावधी, चलन, बँकेचं शुल्क कुणी सोसायचं आणि वाद झाल्यास निवाडा कुठं, हेही लिहा. शिकवण्याचे तास करारातच नोंदवा आणि त्यांचा मोबदला द्या. तोंडी ठरलेलं शिकवणं कामाच्या रेट्यात पहिल्यांदा मागे पडतं.

पैसे पाठवण्याआधी सीएकडे जा

पहिल्या बिलानंतर जाऊन उपयोग नाही, करारावर सही करण्यापूर्वी जा. कारण असं: अनिवासी व्यक्तीला दिलेला मोबदला ‘तांत्रिक सेवां’च्या शुल्कात मोडला, तर कर कापून ठेवण्याची जबाबदारी तुमची. १९६१च्या आयकर कायद्यात हे कलम १९५ होतं. १ एप्रिल २०२६पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात क्रमांक बदलले आहेत. दोन देशांमधल्या कर-कराराचा आधार नसेल तर जुन्या कायद्याचा दर २० टक्के, वर ४ टक्के उपकर, म्हणजे २०.८ टक्के. आता तुम्ही त्याला ‘हातात एक लाख रुपये देईन’ असा शब्द दिला असेल, तर कराचा भार तुमच्यावर येतो आणि खर्च सुमारे १ लाख २६ हजारांवर जातो. सगळा हिशेब कोलमडतो.

यावर उपाय आहे. ब्राझील, पोर्तुगाल, फिलिपिन्स, केनिया या देशांशी भारताचे दुहेरी कर टाळण्याचे करार आहेत आणि त्यांत दर कमी असू शकतो किंवा कर लागूही होत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीनं आपल्या देशाच्या कर खात्याचं रहिवासी प्रमाणपत्र आणून द्यावं लागतं, शिवाय ठरलेल्या नमुन्यातली माहिती आणि भारतात आपलं कायमचं कार्यालय नसल्याचं निवेदन. प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, म्हणून नेमणूक ठरताच मागा.

दुसरी गोष्ट जीएसटी. कंत्राटदाराकडून घेतलेली सेवा ही सेवेची आयात ठरते आणि कर रिव्हर्स चार्जनं, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं, तुम्हाला भरावा लागतो. एक लाखाच्या बिलावर १८ टक्क्यांनी १८ हजार, तेही रोख. खरेदीवर आधी भरलेल्या जीएसटीच्या जमा क्रेडिटमधून ते वळते करता येत नाहीत. भरल्यानंतर पात्र असाल तर क्रेडिट मिळतं. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत असली तरी रिव्हर्स चार्जखाली कर भरावा लागणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे. हे खूप जणांना उशिरा कळतं. पैसे मात्र कंपनीच्या खात्यातून, बँकेमार्फत, पैसे कशासाठी जातात ते सांगणारा योग्य परपज कोड लावूनच पाठवा.

पहिले तीन महिने

तज्ज्ञासोबत इथला एक माणूस नावानं जोडून द्या. आठवड्यातून एकदा त्या इथल्या माणसानं शिकलेली गोष्ट स्वतः लिहून काढावी आणि तज्ज्ञानं ती तपासावी. ध्वनिचित्रमुद्रण करून ठेवणं सोपं असतं, पण ते परत कुणी बघत नाही, लिहिलेलं टिकतं. फाइल्स आणि पासवर्ड कंपनीच्या खात्यावर असावेत, तज्ज्ञाच्या खाजगी खात्यावर नकोत, आणि त्याला कामापुरताच प्रवेश द्यावा.

दोन्हीकडच्या सुट्ट्या एका कॅलेंडरवर मांडा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात आपलं कार्यालय रिकामं असतं हे ब्राझीलमधल्या माणसाला कुणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? तिकडे कार्निव्हलला त्यांचा देश थांबतो. पावसाळ्यात वीज जाते हेही धरून चाला. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट कनेक्शन नसेल तर बैठकीच्या वेळा पाळता येणार नाहीत.

सहा महिन्यांनी एक काम तज्ज्ञाशिवाय इथल्या माणसाला पूर्ण करू द्या. जमलं तर तज्ज्ञाचे तास कमी करा आणि अडलेल्या प्रश्नांपुरता महिन्याचा ठरावीक मोबदला ठेवा. वाचलेल्या पैशातला चांगला हिस्सा त्या शिकलेल्या मुलीच्या पगारात त्याच महिन्यात घाला. आता ते काम येणारी गोव्यात ती एकटीच असेल, आणि बेंगळुरूची कंपनी तिला फोन करायला फार दिवस थांबणार नाही.