घरटॅक्सच्या बिलावर विद्यापीठाचा हिशोब कसा करायचा

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात सरकारी विद्यापीठांसाठी घरा-जमिनीवर वेगळा कर आहे आणि तो ठेवायचा की नाही हे तिथले मतदार दर 10 वर्षांनी मत देऊन ठरवतात, 1948 पासून हे चालू आहे, 2018 च्या नोव्हेंबरमधे परत मतदान झालं आणि लोक हो म्हणाले. असा कर नागपुरात बसला तर आपल्याला किती पडेल? घरटॅक्सचं बिल काढा, लगेच कळेल.

आधी तिथला हिशोब समजून घ्या. तो कर 6 मिलचा, मिल म्हणजे हजारामागे एक. पण हे हजारी 6 घराच्या बाजारभावावर लावायचे नाहीत बरं का, गडबड इथेच होते. 2018 च्या दराने 2 लाख डॉलरच्या घराचं करपात्र मूल्य बाजारभावाच्या 1.35 टक्के, म्हणजे 2700 डॉलर, त्यावर 6 मिल म्हणजे वर्षाचे फक्त 16 डॉलर 20 सेंट. बाजारभावावर लावलं तर हेच 1200 डॉलर होतात, आणि मग माणूस उगाच घाबरतो.

आता आपलं बिल. त्यात वार्षिक भाडेमूल्य दिलेलं असतं, त्याला 1000 ने भागा न् 6 ने गुणा. समजा 20,000 असेल तर 120 रुपये, तेही वर्षाचे. मूल्य काढायची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे म्हणून हा अंदाजच समजा, पण बोलायला पुरतो.

मग तुलनेसाठी त्याच बिलात राज्याच्या शिक्षण कराची ओळ शोधा. हा 1962 च्या कायद्याचा कर, मनपा फक्त वसूल करून सरकारकडे भरते. दुकान-ऑफिस असेल तर रोजगार हमीचा कर पण दिसेल, तो यात धरू नका. आणि शिक्षण कर भरला म्हणजे पैसा थेट नागपूर विद्यापीठात गेला असं नाही, तो राज्याच्या तिजोरीत जातो आणि त्यावर आपलं मत कोणी विचारत नाही.

मला मोंटानाचं आवडतं ते हेच, मुदत संपली की विद्यापीठाला लोकांपुढे येऊन सांगावं लागतं की पैशाचं काय केलं. ज्या शहरात डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 ला एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) उभी झाली तिथले लोक 120 रुपयाला नाही म्हणतील असं मला तरी नाही वाटत, पण विचारलं तर पाहिजे ना.

तोवर आपल्या हातात एक मत आहेच. नागपूर विद्यापीठाची डिग्री असेल तर पदवीधर मतदार म्हणून नोंदणी करा, 2016 च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे सिनेटवर (विद्यापीठाच्या अधिसभेवर) पदवीधरांचे 10 प्रतिनिधी निवडून जातात आणि विद्यापीठाच्या बजेटवर तिथे प्रश्न विचारता येतात. मतं मागायला उमेदवार आला की आधी त्याला हाच हिशोब विचारा, फीमधून किती येतात, सरकारकडून किती, आणि खर्च कुठे होतात.