ऑसबॉर्न-१ एफपीजीएवर उभा करायचाय? आधी स्क्रीन, मग बाकी सगळं

ऑसबॉर्न-१ हा १९८१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत आलेला कॉम्प्युटर. बंद केला की शिलाई मशीनच्या पेटीसारखा दिसायचा, कीबोर्ड हेच त्याचं झाकण, वजन जवळजवळ ११ किलो आणि हँडल धरून उचलता यायचा म्हणून पोर्टेबल. किंमत १७९५ डॉलर, त्यातच लिखाणासाठी वर्डस्टार, हिशोबाच्या तक्त्यांसाठी सुपरकॅल्क आणि प्रोग्रॅमिंगसाठी बेसिक पण मिळायचं. कंपनी काढणारा ॲडम ऑसबॉर्न, त्याचं लहानपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं आणि २००३ मध्ये गेलाही कोडाईकनालला, त्यामुळे मला या मशीनबद्दल जरा जास्तच जिव्हाळा आहे. सर्किट ली फेल्सेनस्टाइनचं, आणि काय सुंदर सर्किट आहे! हार्डवेअर कमीत कमी ठेवून कीबोर्ड स्कॅन करण्यापासून फ्लॉपीची मोटर बंद करण्यापर्यंत सगळं रॉममधल्या कोडवर सोडलंय. एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपण कोड लिहून ठरवू शकतो अशा चिपवर, पहिलंच जुनं मशीन बनवणाऱ्याला म्हणून हेच सुचवेन, एकट्या माणसाच्या डोक्यात हे मशीन अख्खं मावतं.

एफपीजीए चिप बसवलेला बोर्ड घ्या टँग नॅनो २०के. ९के स्वस्त पडतो पण त्यात नका अडकू, कारण साधा हिशोब आहे. ऑसबॉर्नला ६४ केबी रॅम लागते, या चिपमधल्या एका मेमरी ब्लॉकमध्ये ८ बिट रुंदीने २ केबी बसते, म्हणजे नुसत्या रॅमला ३२ ब्लॉक. ९के मध्ये आहेत २६ आणि २०के मध्ये ४६. रॅमचे ३२, रॉमचे २, अक्षरांच्या रॉमला १, मंद उजेडाच्या अक्षरांच्या बिटला १ (हे पुढे येईल), सेक्टर बफरला १, झाले ३७, चिपसोबत येणाऱ्या वेगळ्या एसडीरॅमला हात लावायची गरजच नाही. एचडीएमआय आणि एसडी कार्डचा स्लॉट बोर्डवर आहेच. सॉफ्टवेअर चिप बनवणाऱ्या गोविनचं, एज्युकेशन आवृत्ती फुकट मिळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सीपीयूपासून सुरुवात करू नका. स्क्रीन दिसत नसेल तर आत काय चाललंय ते काहीच कळत नाही, आणि मग नुसते एलईडी बघत रात्र जाते. आधी व्हिडिओ.

ऑसबॉर्नच्या ५ इंची स्क्रीनवर ५२ अक्षरांच्या २४ ओळी, एक अक्षर ८ बाय १० ठिपक्यांचं, म्हणजे चित्र ४१६ बाय २४० चं. हे दुप्पट केलं तर ८३२ बाय ४८० होतं, ते ६४० च्या मोडमध्ये बसत नाही. पण तिप्पट करून बघा, १२४८ बाय ७२०! ७२०पी मोडमध्ये उंची तंतोतंत आणि दोन्ही बाजूंना फक्त १६-१६ पिक्सेल काळे, मला हे गणित जमलं तेव्हा खरंच हात थरथरले होते. बोर्डवरच्या २७ मेगाहर्ट्झ क्लॉकला पीएलएलमध्ये (क्लॉकचा वेग बदलणारा चिपमधला भाग) ५५ ने गुणून ४ ने भागलं की ३७१.२५ मिळतात, त्याला ५ ने भागा, ७४.२५ म्हणजे ७२०पी चा पिक्सेल क्लॉक. छोटा पॅनल विकत घेणार असाल तर तो ७२०पी घेतो का ते आधी विचारा.

व्हिडिओ मेमरी म्हणजे मुख्य रॅमचाच शेवटचा ४ केबी, हेक्स (१६ च्या पायाने लिहिलेला ॲड्रेस) एफ००० पासून पुढे. तेवढा भाग ड्युअल पोर्ट, म्हणजे दोन बाजूंनी वापरता येईल असा ठेवा, एका बाजूने सीपीयू लिहील, दुसऱ्या बाजूने स्क्रीन वाचेल, दोन्हीकडे वेगळे क्लॉक चालतात. आत १२८ अक्षरांच्या ३२ ओळी असतात आणि स्क्रीन ही त्यावर सरकणारी खिडकी. अक्षराचं वरचं बिट १ असेल तर खाली रेघ, आणि मंद अक्षरासाठी प्रत्येक जागेला वेगळं नववं बिट. या मेमरीत सुरुवातीलाच स्वतःचं नाव, थोडे आकडे असं काहीतरी भरून ठेवा, स्क्रीनवर ते स्वच्छ दिसलं की मगच पुढे जा.

सीपीयू झेड८०, त्याचे तयार कोअर, म्हणजे आयते लिहिलेले सर्किटचे कोड आहेत, व्हेरिलॉगमध्ये टीव्ही८० आणि व्हीएचडीएलमध्ये टी८० (या दोन्ही सर्किट लिहायच्या भाषा). स्वतः लिहायचा मोह आवरा, तो वेगळा प्रोजेक्ट आहे. मूळ क्लॉक ३.९९३६ मेगाहर्ट्झ, त्यासाठी दुसरा पीएलएल नको. व्हिडिओ सोडून बाकी सगळं २७ वरच चालवा, १६ बिटच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दर टिकला ९६९४ मिळवत जा आणि कॅरी आला की सीपीयूला क्लॉक एनेबल द्या, बस.

बँक स्विचिंगकडे, म्हणजे एकाच ॲड्रेसवर कधी रॉम तर कधी रॅम दाखवण्याकडे नीट लक्ष द्या. रीसेटनंतर तळाला ४ केबी रॉम आणि हेक्स २००० ते ३एफएफएफ मध्ये सगळे आय/ओ (कीबोर्ड, डिस्क वगैरे), ४००० पासून पुढे रॅम. पोर्ट १ वर काहीही आउट केलं (सीपीयूने लिहिलं) की रॉम आणि आय/ओ गायब, सगळीकडे रॅम. पोर्ट ० वर आउट केलं की परत रॉम. पोर्ट २ ने मंद बिटांची बँक चालू, ३ ने बंद. डेटा काय लिहिला याला अर्थ नाही, फक्त पोर्टचा नंबर बघायचा.

आणि इथेच माझे दोन आठवडे गेले. रॉमचा पहिला स्क्रीन आला, डिस्क वाचली गेली, सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमचा ए प्रॉम्प्ट आला आणि मशीन मेलं, कुठलंही बटण दाबा काही नाही. कारण असं की दर सेकंदाला ६० वेळा व्हर्टिकल ब्लँकला, म्हणजे स्क्रीन एकदा पूर्ण काढून झाल्यावर, इंटरप्ट (हातातलं काम थांबवून दुसरं करायचा इशारा) येतो, आणि सीपीयूने तो स्वीकारला की मूळ हार्डवेअर आपोआप रॉमची बँक पुढे आणतं. माझ्या कोडमध्ये ते नव्हतं, त्यामुळे रॉम चालू असेपर्यंत सगळं ठीक, पण सीपी/एम रॅमच्या बँकेत गेल्यावर पहिल्याच इंटरप्टला सीपीयू भलतीकडेच जायचा. झेड८० च्या एम१ आणि आयओआरक्यू या दोन्ही पिन एकदम लो झाल्या की (म्हणजे इंटरप्ट स्वीकारला) रॉम बँक चालू करा, एका ओळीचं काम आहे.

कीबोर्ड म्हणजे ८ बाय ८ ची जाळी, हेक्स २२०० पासून वाचायची. ॲड्रेसच्या खालच्या ८ बिटांनी ओळ निवडली जाते, दाबलेलं बटण ० दिसतं, आणि एकापेक्षा जास्त बिटं १ असतील तर तेवढ्या ओळी एकत्र ॲन्ड होऊन येतात, हे विसरू नका. जुना गोल प्लगचा पीएस/२ कीबोर्ड जोडला तर ६४ बिटांचा एक रजिस्टर ठेवून बटण दाबलं-सोडलं त्यात लिहीत राहा. तो ५ व्होल्टवर चालतो आणि बोर्डाच्या पिन ३.३ च्या, मधे व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर हवाच.

फ्लॉपी ड्राइव्ह चालवणारी १७९३ कंट्रोलर चिप अख्खी बनवू नका, खरे पल्स वगैरे काही लागत नाही. चार रजिस्टर, बिझी आणि डेटा रिक्वेस्टची बिटं, रिस्टोअर, सीक, सेक्टर वाचणं आणि लिहिणं एवढं पुरतं. सिंगल डेन्सिटी डिस्क ४० ट्रॅकची, ट्रॅकला १० सेक्टर, सेक्टर २५६ बाइटचा, म्हणजे इमेज बरोबर १,०२,४०० बाइट. जागा शोधायचं सूत्र, ट्रॅक गुणिले १० अधिक सेक्टर वजा १, सेक्टर १ पासून मोजतात म्हणून. एसडीच्या एका ब्लॉकमध्ये असे दोन सेक्टर बसतात. सुरुवातीला फाइल सिस्टिम वगैरे नकोच, ए ड्राइव्ह ब्लॉक ० पासून आणि बी ड्राइव्ह २०० पासून सरळ कार्डवर लिहून टाका. लिहिताना मात्र आधी अख्खा ब्लॉक वाचा, त्यातला अर्धा बदला आणि परत लिहा, नाहीतर शेजारचा सेक्टर पुसला जातो.

खिडकी सरकवण्याचे रजिस्टर हेक्स २सी०० च्या पीआयए या आय/ओ चिपमध्ये आहेत, पोर्ट ए आडवं, पोर्ट बीची खालची ५ बिटं उभं. उभ्याची बेरीज ५ बिटांतच ठेवा, ३१ नंतर ० आलाच पाहिजे, रॉम त्याच भरवशावर स्क्रीन वर ढकलतो. तपासायला सुपरकॅल्क उघडा, उजवीकडच्या कॉलममध्ये काहीतरी लिहा आणि कंट्रोल धरून बाण दाबा, ५२ अक्षरांची खिडकी १२८ च्या पानावरून सरकताना दिसली पाहिजे.

सगळं चाललं की बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायची तयार फाइल) बोर्डाच्या फ्लॅशमध्ये टाका, एसरॅममध्ये ठेवला तर केबल काढल्यावर जातो.