पहाटे साडेपाचचा मॉक पोल चुकू नये म्हणून

मतदान सातला सुरू होतं, पण नियोजनाचं घड्याळ साडेपाचला लावायचं. मॉक पोल, म्हणजे यंत्रावरचं चाचणी मतदान, ९० मिनिटं आधी लागतो आणि क्षेत्रीय अधिकारी म्हणून तुमच्या वाट्याला साधारण दहा-बारा केंद्रं येतात. त्या वेळी तुम्ही एकाच केंद्रावर असणार, बाकीचं आदल्या दिवशीच मार्गी लागलेलं हवं.

रूट चार्ट नकाशावर आखू नका. जी गाडी जाणार, त्याच मापाच्या गाडीतून एकदा फिरून या. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या काही वाड्यांपर्यंत एसटी पोचते, पण तिला वळायला जागा नसते. मग पथक पेट्या उचलून चालत निघतं. तिथं जीपच लावा. तारीख गळीत हंगामात आली तर उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रांगते, तासभर जादा धरा. इथली २०२४ ची लोकसभा ७ मेला होती; अशा दिवसांत वळवाचा पाऊस आणि गेलेली वीज गृहीत धरून टॉर्च आणि शाळाखोलीचं छप्पर आधी बघा.

साहित्य वाटपाच्या मंडपात कितीही रेटारेटी असो, सीयू (मतं साठवणारं कंट्रोल युनिट), बीयू (मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) यांचे क्रमांक यादीशी तिथंच ताडा. यंत्रं मात्र तिथं जोडून बघायची नाहीत. व्हीव्हीपॅटच्या मागची खुंटी प्रवासात आडवी, वापरताना उभी. सकाळी ‘मशीन बंद आहे’ असा फोन आला की पहिला प्रश्न खुंटीचा विचारा. दुसरा उजेडाचा: व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा थेट बल्बखाली ठेवलं की ते बिघाड दाखवतं. केबल जोडताना-काढताना सीयू बंद हवं.

गावानं प्रेमानं आणलेला तांबडा-पांढरा पथकानं हात जोडून परत पाठवायचा. पाहुणचार घ्यायचा नसतो, म्हणून जेवणाची सोय आधीच करा.

मॉक पोलमध्ये नोटासह किमान ५० मतं टाकायची, प्रत्येकाची नोंद कागदावर. उमेदवारांचे प्रतिनिधी आले नसतील तर १५ मिनिटं थांबून सुरू करा. मग सीयूवर क्लोज आणि रिझल्टची बटणं, चिठ्ठ्यांशी मेळ आणि शेवटी क्लिअर. चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटमधून काढून, मागं शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात. घाईत क्लोजपासून क्लिअरपर्यंत सगळंच राहतं, आणि संध्याकाळी १७ए च्या, म्हणजे मतदारांच्या नोंदवहीपेक्षा सीयूवर मॉक पोलची मतं जास्त निघतात. असं यंत्र मोजणीत बाजूला काढावं लागतं. उपाय एका बोटाचा आहे: पहिला मतदार आत येण्याआधी टोटल दाबून शून्य सगळ्यांना दाखवा.

बिघाडाचा नियम पथकाकडून पाठ म्हणून घ्या, गोंधळ इथंच होतो. मॉक पोलमध्ये बिघडलं तर फक्त ते युनिट बदला. मतदान चालू असताना सीयू किंवा बीयू गेलं तर अख्खा संच बदलायचा आणि नोटासह प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून पुन्हा मॉक पोल घ्यायचा. फक्त व्हीव्हीपॅट गेलं तर तेवढंच बदला, मॉक पोल नको. म्हणून राखीव गाडीत सुटी युनिट नकोत, पूर्ण संच हवेत.

सहाला रांग उरली तर क्रमांकाच्या चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढं या; पुढून सुरुवात केली की मागं माणसं वाढत राहतात. शेवटचं मत पडल्यावर क्लोज दाबलंच पाहिजे, नाहीतर मोजणीच्या टेबलावर रिझल्ट उघडत नाही. १७सी, म्हणजे मतांच्या हिशेबाच्या नमुन्याच्या प्रती प्रतिनिधींना सही घेऊन द्या. व्हीव्हीपॅटची बॅटरी काढून मगच पेटी सील करा.

यंत्रं जमा करायच्या स्वीकृती केंद्रावर रात्री रांग लागते ती यंत्रांमुळं नाही, लिफाफ्यांमुळं. १७सी आणि केंद्राध्यक्षांची डायरी पिशवीच्या तळाशी गेली की पूर्ण पथक जमिनीवर बसून शोधतं. ही दोन वरच ठेवा. न वापरलेली राखीव यंत्रं मतं असलेल्या यंत्रांच्या खोलीत ठेवायची नाहीत, पण तीही त्याच रात्री नोंद करून जमा करा. दुसऱ्या दिवशी यंत्रं घेऊन फिरणारी गाडी कुणाला दिसली, तर दुपारपर्यंत ती सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असते.