रोड बाइकला रुंद टायर बसवण्यापूर्वी
साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे सायकलने जाणाऱ्यांना, पावसाने उखडलेल्या रस्त्यावर २५ मिलिमीटरचा टायर किती हादरे देतो, हे वेगळे सांगायला नको. म्हणून २८ चा टायर घालावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. रिम, म्हणजे टायर बसतो ती चाकाची कडा, आतून जितकी रुंद, तितका टायर पसरतो, आणि २८ चा टायर रुंद रिमवर ३० च्या आसपासही भरू शकतो.

मोजमापासाठी ॲलन की, म्हणजे मिलिमीटरच्या मापात मिळणारी षटकोनी चावी, उत्तम. सध्याच्या टायरमध्ये पूर्ण हवा भरून चेनस्टे (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्या), सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी), फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) आणि रिम ब्रेक असल्यास त्याची कमान, या प्रत्येक ठिकाणच्या फटीतून की फिरवून पाहावी. टायर ३ मिलिमीटरने रुंद झाला, तर दोन्ही बाजूंची जागा दीड-दीड आणि वरची सुमारे तीन मिलिमीटरने कमी होते; शेवटी सगळीकडे निदान ४ मिलिमीटर उरावेत, यासाठी आज बाजूला ६ ची आणि वर ८ ची की अडखळता कामा नये.

ही फट चैनीसाठी नाही. ओल्या जांभ्याची लाल माती आणि तिच्यात रुतलेली बारीक खडी टायरबरोबर फिरून चेनस्टेचा रंग खरवडते, आणि कार्बनची फ्रेम असेल तर ते घासणे धोक्याचेच. शिवाय चढावर उभे राहून पेडल मारताना चाक थोडे कलते. मागे जागा अपुरी आणि पुढे पुरेशी असेल, तर फक्त पुढचा टायर रुंद घालावा. हातांना येणारे हादरे तेवढ्यानेही बरेच कमी होतात.