मंजूर, भरलेली आणि उभी: पोलिसांवरच्या संसदीय चर्चेची तयारी करताना मी कुठे चुकले

लोकसभेत शून्य प्रहर, म्हणजे तातडीचे विषय थोडक्यात मांडायचा वेळ, चालू होता. मी ज्या खासदारांसाठी संशोधन करते त्यांच्या बंगल्यावरच्या ऑफिसात संसद टीव्हीसमोर बसले होते, हातात त्यांना दिलेल्या टिपणाची दुसरी प्रत. दुसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य मीच पिवळ्या मार्करने रंगवलं होतं: ‘आज देशात दर एक लाख लोकसंख्येमागे 195 पोलीस काम करतात.’ साहेबांनी ते जसंच्या तसं वाचलं. समोरच्या बाकांवरून एक ज्येष्ठ सदस्य बसल्या जागेवरून म्हणाले, “मंजूर आहेत. काम करणारे नव्हेत.” साहेब थांबले, कागदाकडे पाहिलं आणि पुढच्या वाक्यावर गेले. तीन-चार सेकंद गेले असतील. शून्य प्रहरात तेवढेही सेकंद कुणाला परवडत नाहीत.

संध्याकाळी त्यांनी बोलावून एवढंच विचारलं, “तो आकडा नक्की कशाचा होता?” मला उत्तर देता आलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

खासदारांसाठी संशोधनाचं काम नव्याने करू लागलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला पोलीस हा विषय येतो: रिक्त जागा, भरतीतली चारित्र्य पडताळणी, महिला पोलिसांच्या रजा. तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न, पूरक प्रश्न, पंधरा दिवसांची नोटीस, दीडशे शब्दांची मर्यादा हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते. मला सांगायचं आहे ते त्या पिवळ्या वाक्याबद्दल. ते नीट समजलं नाही तर बाकीची तयारी कितीही चांगली असो, फुकट जाते.

पोलीस संशोधन व विकास ब्युरो, म्हणजे बीपीआरडी, दरवर्षी देशभरातल्या पोलीस दलांची आकडेवारी काढतो. ती 1 जानेवारी या तारखेची असते आणि छापून यायला बराच काळ जातो. 1 जानेवारी 2020 ची आकडेवारी घ्या, कारण माझी चूक तिच्यातच झाली. मंजूर पदं 26,23,225. प्रत्यक्ष भरलेली 20,91,488. रिक्त 5,31,737, म्हणजे दर पाच जागांमागे एक जागा रिकामी. एक लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस 195.39 आणि प्रत्यक्षातले 155.78. दोन्ही रकाने शेजारी शेजारी होते. मी डावीकडचा उचलला आणि त्याला ‘काम करतात’ हे क्रियापद स्वतःच्या मनाने जोडलं. तक्त्यात क्रियापद नसतं, ते आपण घालतो आणि घोळ तिथेच होतो.

इथवर ही निष्काळजीपणाची गोष्ट आहे, दोनदा तपासलं की टळते. खरा सापळा पुढे आहे. मंजूर आणि भरलेली यांच्यापलीकडे तिसरा एक आकडा असतो, तो मला कुठल्याच तक्त्यात सापडला नाही. मी त्याला ‘उभी’ पदं म्हणते, म्हणजे त्या दिवशी ड्युटीवर खरोखर उभी असलेली माणसं.

समजा एखाद्या तुकडीत 100 पदं मंजूर आहेत आणि 80 भरलेली आहेत. त्या 80 पैकी पाच जण प्रशिक्षणाला गेलेत, सहा जण दुसरीकडे संलग्न आहेत, चार जणी-जण लांबच्या रजेवर आहेत. उरले 65. पण कागदावर ही तुकडी 80 टक्के भरलेली दिसते, कारण 180 दिवसांच्या प्रसूती रजेवर गेलेल्या शिपाईचं पद भरलेलंच मोजलं जातं. ते मोजलं पाहिजेच, नोकरी तिची आहे. मात्र तिच्या जागी पहाऱ्याला उभं राहायला कुणी नाही, ही गोष्ट रिक्त पदांच्या रकान्यात कधीच येत नाही. अशा रजांचा हिशोब धरून जादा पदं मंजूर करायची कल्पना आपल्या प्रशासनात जुनीच आहे. ‘रजा राखीव’ म्हणतात त्याला. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: मंजूर संख्याबळ ठरवताना रजा राखीव धरली आहे का, आणि किती?

आणखी एक. रिक्त पदं घटली म्हणजे भरती झाली असं लिहून मोकळं होऊ नका. जुनी पदं रद्द केली तरी रिक्त पदं घटतात आणि नवी पदं मंजूर केली की एकही माणूस न सोडता ती वाढतात. म्हणून दोन वर्षांची तुलना करताना मंजूर आणि भरलेली असे दोन्ही आकडे लिहा, नुसता फरक लिहू नका. महिलांच्या टक्केवारीचंही तेच. त्याच 2020 च्या आकडेवारीत महिला 2,15,504 होत्या, 10.30 टक्के. कशाच्या? भरलेल्या पदांच्या. केंद्र राज्यांना 33 टक्क्यांचं लक्ष्य देतं. प्रत्येक ठाण्यात किमान तीन महिला उपनिरीक्षक आणि दहा महिला शिपाई हव्यात असंही सांगतं. हे दोन्ही सल्ले आहेत, कायदा नाही. ‘केंद्राचा नियम मोडला’ असं वाक्य तुमच्या टिपणात गेलं तर समोरून उत्तर तयारच असेल.

राज्यांच्या पोलिसांबद्दल गृहमंत्रालयाला प्रश्न विचारला की उत्तराची पहिली ओळ ठरलेली असते: राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे राज्याचे विषय आहेत. बरेचदा दुसरी ओळ नसतेच. म्हणून दिल्ली पोलीस आणि केंद्रीय सशस्त्र दलं, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी आणि आसाम रायफल्स यांच्याबद्दल विचारा. ही दलं थेट केंद्राची आहेत, इथे जबाबदारी झटकता येत नाही. महाराष्ट्र पोलिसांचा प्रश्न विधानसभेतल्या आमदाराकडे द्या. त्यात कमीपणा नाही.

चारित्र्य पडताळणीवर बोलताना नवे लोक हमखास एका टोकाला जातात. एक तर ‘गुन्हा दाखल असलेला माणूस पोलिसात कसा?’ नाहीतर ‘गरीब पोराचं आयुष्य एका एफआयआरने उद्ध्वस्त केलं’. दोन्ही भाषणं टाळ्या घेतात आणि दोन्ही अर्धवट आहेत. निवड झालेला उमेदवार साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती खरी असल्याचं लिहून देणारा अर्ज, भरतो. त्यात अटक, गुन्हा, खटला, निर्दोष सुटका यांबद्दल थेट विचारलेलं असतं. अडचण बहुतेक वेळा गुन्ह्यापेक्षा लपवण्यामुळे येते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2016 मध्ये यावर तपशिलात निकाल दिला आहे. क्षुल्लक स्वरूपाच्या प्रकरणात, तरुण वयातल्या किरकोळ चुकीत माहिती लपवली असली तरी नियुक्ती करणारा ती माफ करू शकतो. उलट सगळं खरं सांगितलं तरी पूर्वेतिहास पाहून नेमणूक नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच, फक्त तो अधिकार विचारपूर्वक वापरायला हवा. हा निकाल मूळातून वाचा. तासभर लागेल. सारांशावर भागवू नका, कारण सभागृहात वकिली केलेले सदस्य भरपूर आहेत आणि ‘नेमणूक करता येते’ आणि ‘करावीच लागते’ यातला फरक ते एका वाक्यात दाखवून देतात.

विचारण्याजोगा मुद्दा वेगळाच आहे आणि तो संख्याबळाशी जोडलेला आहे. पडताळणी पूर्ण व्हायला किती दिवस लागतात? पडताळणी बाकी असताना हंगामी नेमणूक किती जणांना दिली? त्यातल्या किती जणांना नंतर काढलं? नोकरीत आल्यावर पुन्हा पडताळणी होते का? जागा भरायची घाई आणि माणूस पारखायची गरज एकाच टेबलावर येतात. दोन्हींना न्याय द्यायचा तर पडताळणी करणाऱ्या ठाण्यातही माणसं लागतात.

रजेबद्दल आधी कोरडी माहिती. केंद्रीय कर्मचाऱ्यांना प्रसूती रजा 180 दिवस, पितृत्व रजा 15 दिवस. बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत 730 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत. पहिल्या 365 दिवसांना पूर्ण पगार, पुढच्यांना 80 टक्के. एकल पित्यांनाही ती 2018 पासून लागू आहे. जून 2024 मध्ये सरोगसीने मूल झालेल्या कर्मचाऱ्यांसाठीही नियम आले. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन रजा मात्र 180 दिवसांची आहे. हे दोन आकडे एका टिपणात मिसळू नका.

हे सगळं मी पाठ केलं होतं. मग माझी मावसबहीण, जी एका केंद्रीय दलात शिपाई आहे, तिला फोन केला. मूल आठ महिन्यांचं होतं. मी उत्साहाने नियम वाचून दाखवायला लागले. ती ऐकत होती, मागे कुकरची शिटी झाली, मग म्हणाली, “ताई, नियम आमच्या नोटीस बोर्डावरही लावलाय. अर्ज दिला की आमचे साहेब चिडत नाहीत, बिचारे ड्युटीची वही उघडून दाखवतात. म्हणतात, तूच सांग, तुझ्या जागी नाव कुणाचं लिहू?” तिने अर्ज परत घेतला होता. नाकारलेल्या अर्जांत तो मोजला जाणार नाही, कारण तो नाकारलाच नव्हता.

बालसंगोपन रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती आधी मंजूर करून घ्यावी लागते, असं नियमातच आहे. ती वही आणि हे वाक्य जोडून पाहिल्यावर मला कळलं की संख्याबळ आणि रजा हे दोन विषय मी उगाचच दोन फायलींत ठेवले होते. जवानांना वर्षातले 100 दिवस कुटुंबासोबत घालवता यावेत असं धोरण गृहमंत्रालयाने जाहीर केलं आहे. चांगलंच आहे ते. पण किती जणांना प्रत्यक्षात 100 दिवस मिळाले, हे दलनिहाय विचारल्याशिवाय त्यावर स्तुतीही करू नका आणि टीकाही.

आता थोडं स्पष्ट बोलते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘संसदीय आकडेवारी’च्या पीडीएफ वापरू नका. बातमीतला आकडा वापरू नका, बातमी ज्या उत्तरावरून आली ते उत्तर संसदेच्या संकेतस्थळावरून काढा. ‘आकडा ठोकून द्यायचा, कोण तपासतंय’ असं शिकवणारे वरिष्ठ भेटतील. गप्पांना छान असतात, पण त्यांच्या हाताखाली शिकू नका. मला खरं शिकवलं ते संसद ग्रंथालयाच्या संदर्भ सेवेतल्या एका बाईंनी. मी कुठलाही आकडा मागितला की त्या आधी विचारायच्या, “कोणत्या तारखेचा, आणि कशातून कशाला भागून?” लॅम्प फेलोशिप, म्हणजे खासदारांसोबत संशोधनाचं काम करायची संधी देणारी फेलोशिप, मिळाली तर जरूर घ्या. नाही मिळाली तर हे काम तुमच्यासाठी नाही असं अजिबात समजू नका, मलाही मिळाली नव्हती.

गृह खात्याच्या स्थायी समितीचा फेब्रुवारी 2022 चा 237 वा अहवाल, पोलीस प्रशिक्षण, आधुनिकीकरण आणि सुधारणा यांवरचा, सुरुवातीलाच वाचा. समितीत वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य असतात, त्यामुळे तुमचे खासदार कोणत्याही बाजूला बसत असले तरी त्याचा आधार घेता येतो. शिवाय सहज उपलब्ध असलेल्या दस्तऐवजातली माहिती प्रश्नात मागू नये असा नियम आहे. अहवाल न वाचता पाठवलेले माझे पहिले प्रश्न त्याच कारणाने परत आले. परत आले की खचू नका. सगळ्यांचे येतात.

माझी चूक झाली त्या आठवड्यात मला वाटलं होतं की आता काम जाणार. गेलं नाही. पुढच्या अधिवेशनात साहेबांनी पोलिसांचाच विषय पुन्हा माझ्याकडे दिला. लोकसभेत गृह मंत्रालयाचा वार मंगळवार, त्यानुसार तारीख मोजून मी अतारांकित प्रश्न पाठवला. चार भाग: केंद्रीय दलांत मंजूर आणि भरलेली महिला शिपायांची पदं, दलनिहाय; मंजूर पदांत रजेसाठी राखीव किती; गेल्या तीन वर्षांत बालसंगोपन रजेचे अर्ज किती आले, मंजूर किती झाले आणि अर्जदाराने स्वतः परत घेतलेले किती; अशी नोंद नसल्यास, ती ठेवण्याचा विचार आहे का.

पहिल्या भागाचं उत्तर तक्त्यासह आलं. तिसऱ्याला, अशी माहिती केंद्रीय स्तरावर ठेवली जात नाही, असं उत्तर होतं. मी ते छापून फाईलला लावलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या प्रश्नाचा मसुदा सुरू केला.